डावा पीळ

मेलितोनाला स्वतःच्याच टोपलीत डावा दोरा सापडला तो जून महिन्यातल्या एका सकाळी. ऊन अजून जनावरांच्या वाडग्याच्या भिंतीपर्यंतही उतरलं नव्हतं. लडी बाहेर काढावी म्हणून तिने टोपलीत हात घातला, सवयीने दोरा चिमटीत धरून अंगठा पुढे सरकवला, आणि दोरा घट्ट व्हायच्या ऐवजी उकलला. तिने दुसरी लडी घेतली. तीही उकलली. तिसरी मात्र ठीक होती. मेलितोना टोपलीपाशी फतकल मारून बसली आणि बाहेर गवतावर गोठवायला ठेवलेले बटाटे गोळा करणाऱ्या सुनेकडे बराच वेळ बघत राहिली.

अल्पाकाची लोकर उजव्या पिळाची कातायची, हे पुकाकांचा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसाच्या अंगावर जे चढतं ते उजवं. डावा पीळ मोजक्याच कामांना लागतो. मेलेल्याचे हात बांधायला, नाहीतर वाईट वारं अडवायला घोंगडीच्या काठात एखादा. आणि आणखी एका कामाला, ज्याचं नाव कुणी चुलीपाशी बसून घेत नाही. कुणाचं घर उलटवायचं असलं तर त्याच्या घरात गुपचूप डावा दोरा सोडायचा. मग पिल्लं मरतात, माणसं वाळतात, आलेला पैसा चार दिशांना जातो.

आणि या घरात माणसं होती दोनच. मुलगा रूबेन दोन दिवसांच्या वाटेवरच्या खाणीत, तीन महिन्यांतून एकदा येणारा. नवरा सिप्रियानो सहा वर्षांपूर्वी गेलेला. उरल्या सासू आणि सून. चोर शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

लुसमिला दरीतली. मक्याच्या देशातली. तिकडे लोकर बाजारातून विकत आणतात आणि तरी स्वतःला शहाणे समजतात. दोन वर्षांपूर्वी रूबेन तिला घेऊन आला तेव्हा तिला टकळी धड धरता येत नव्हती. तिने कातलेला पहिला गुंडा मेलितोनाने अंगणात सगळ्यांसमोर उलगडून दाखवला होता.

"हे काय आणलंस गं सूनबाई, दोरा की गांडुळं? पाऊस पडला की चालायला लागतील."

बायका पोट धरधरून हसल्या होत्या. लुसमिलाही हसली होती, आणि मेलितोनाला तेव्हाच ते खटकलं होतं. टोमणा मारल्यावर जी हसते तिच्या पोटात काय आहे ते कुणी सांगावं?

त्याच दिवशी, चिचाचे, मक्याच्या दारूचे, दोन पेले पोटात गेल्यावर, मेलितोना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "ज्या दिवशी माझ्या हातून डावा पीळ पडेल ना, त्या दिवशी मला आणि माझ्या टकळीला एकाच खड्ड्यात पुरा." हे काही उगाच नव्हतं. वरच्या पाच वस्त्यांत तिच्यासारखी कातणारी नव्हती. तिच्या दोऱ्याला गाठ नाही, फुगा नाही. डोळे मिटून नुसत्या चिमटीने ती सांगायची की ही लोकर मानेची, ही पाठीची, ही म्हाताऱ्या मादीची. बाईचं नाव दोऱ्यावर असतं असं तिकडे म्हणतात, आणि मेलितोनाला आपल्या नावाचा गर्व होता. तो तिने कधी लपवला नाही.

लपवलं होतं दुसरंच.

मार्चमध्ये गारपीट झाली. दुपारचं निळं आभाळ बघता बघता काळं पडलं आणि गुडघाभर गारा साचल्या. नुकती जन्मलेली पिल्लं वाडग्याबाहेर होती. मेलितोनाने ती उघड्या हातांनी गारांतून उकरून काढली, एकेक करून चुलीपाशी नेऊन ठेवली. अकरा मेली, सात जगली. तिच्या उजव्या हाताची बोटं आधी पांढरी झाली, मग काळपट, मग पुन्हा माणसाच्या रंगाची. पण जाणीव काही परत आली नाही. ऊन-गार, मऊ-खरखरीत, सगळं सारखंच. त्यात डोळ्यांवर दोन वर्षांपासून साय धरत चाललेली.

लुसमिला रोज विचारायची, "आई, बोटं कशी आहेत?"

"बोटांना काय धाड भरलीय? तू तुझं सूप बघ, करपेल."

मेलितोनाने कुणालाच सांगितलं नाही. कातणारणीची बोटं मेली हे गावाला कळलं की ती बाई उरते कुठे? तिने लोकर उजव्या मनगटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि टकळी डाव्या हातात घेतली. कळपामागे एकटी असताना कातायची, कुणी येताना दिसलं की टकळी कमरेच्या पट्ट्यात खोचायची. पहिले पंधरा दिवस दोरा तुटत होता. मग डावा हात शिकला. दोरा पुन्हा तिच्या नावाचा निघू लागला, निदान चिमटीला तरी तसंच लागत होतं. चिमटीही अर्थात डाव्याच हाताची होती आता.

त्याच दोऱ्यांतून मे महिन्यात तिने ऑगस्टच्या नैवेद्याचं वस्त्र विणलं. यंदा मान तिच्या घराकडे होता. हातरुमालाएवढंच कापड, पण त्यावर अख्ख्या गावाचा नैवेद्य मांडायचा, धरणीमायला द्यायचा. मागावर ती बसली, समोर लुसमिला. सुनेने दोरे उचलायचे, सासूने हाडाच्या पट्टीने ठोकून बसवायचे. विणून झाल्यावर रिवाजाप्रमाणे आत कोकाची तीन पानं ठेवून वस्त्राची घडी घातली आणि ती शिवून टाकली. ती घडी आता एक ऑगस्टलाच उघडायची, त्याआधी नाही. मध्येच उघडली तर वर्ष फुकट जातं.

म्हणून जूनमधल्या त्या सकाळी टोपलीपाशी बसल्या बसल्या मेलितोनाला ती शिवलेली घडी आठवली. लड्यांत डावा दोरा निघाला, तर त्या वस्त्रात काय असेल?

त्या दिवसापासून तिने सुनेवर पाळत ठेवली. आणि पाळत ठेवणाऱ्याला काही ना काही सापडतंच. लुसमिला हल्ली पहाटे लवकर उठत होती. चूल पेटायच्या आधी बाहेर जायची आणि डोळे लाल करून परत यायची. एकदा मेलितोना अचानक दारात आली, तर लुसमिलाने मांडीवरचं काहीतरी झटकन घागऱ्याखाली सारलं.

"काय गं ते?"

"काही नाही, आई. लोकर निवडत होते."

"घागऱ्याखाली निवडतात होय तुमच्या दरीत?"

"वाऱ्याने उडते म्हणून."

वारा तेव्हा अजिबात नव्हता. मेलितोनाने ते मनात नोंदवलं.

मग लड्या. शनिवारी तिने पाच लड्या टोपलीत टाकल्या, सोमवारी तीन होत्या, बुधवारी पुन्हा पाच. चोर चोरलेलं परत आणून ठेवतो हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. परत आणून ठेवलेल्या लड्या तिने चिमटीत धरल्या. दोन्ही डाव्या. म्हणजे माझा चांगला दोरा न्यायचा आणि त्या जागी हा ठेवायचा, असं आहे तर. जनावरांच्या कानांत नवे गोंडे लुसमिलाने बांधले होते, त्यांचे दोरे तपासले. डावे. सुनेने तिच्या अंथरुणावरची फाटकी घोंगडी शिवली होती, तो दोराही डावा. मेलितोना ती घोंगडी पायांनी दूर सारून त्या रात्री नुसत्या कातड्यावर कुडकुडत झोपली. सकाळी तिला खोकला झाला, आणि खोकला कुठून आला हेही तिला लगेच कळलं.

चरणीवर तिची बालमैत्रीण आसुंता भेटली. दोघींचे कळप एकाच ओढ्यावर पाणी प्यायचे.

"आसुंता, सून डावं कातते की काय हे बघायचं कसं गं?"

"कातायला बसवायचं आणि बघायचं. त्यात काय?"

"समोर कशाला कातेल ती डावं?"

आसुंताने कोकाच्या पानांचा घास एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "मेलि, पोरगी रानातलं पाणी भरते, जळणाला लेंड्या वाळवते, तुझी बोलणी खाते. आणखी काय हवंय तुला? माझी सून बघ. फोनवर बोटं फिरवते तेवढीच तिची कताई."

"गोड बोलणारीच घात करते."

"मग माझी सून देवदूतच म्हणायची. दाखव बघू दोरा."

"कसला दोरा? मी आपलं सहज विचारलं."

दोरा पट्ट्यातच होता, पण तिने दाखवला नाही. आसुंताच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि लुसमिला सावध झाली असती. शिवाय, खरं सांगायचं तर, आसुंताने सुनेची बाजू घेतली हेही तिला झोंबलं होतं. तिच्यावरही काही केलंय की काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

जुलैमधल्या एका पहाटे लुसमिला उठली तशी मेलितोनाही उठली आणि भिंतीला हात लावत लावत मागोमाग गेली. वाडग्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला लुसमिला बसली होती. फटफटत होतं. सायीच्या डोळ्यांनाही एवढं दिसलं की सुनेच्या मांडीवर सासूची लडी आहे, तिच्या खुणेची हिरवी दोरी बांधलेली. लुसमिलाने लडीचं टोक टकळीला लावलं आणि टकळी उलटी फिरवली. पीळ निघत गेला. दोरा पुन्हा नुसती लोकर झाला. मग तिने टकळी दुसऱ्या बाजूने फिरवली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मध्येच हातांवर फुंकर घालत होती.

मेलितोना तशीच मागे वळली.  आपण कातलेलं कुणी उसकटताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. राग होताच, पण रागाखाली दुसरंही काही होतं. तिला रडू येत होतं. दोन वर्षं जिला आपल्या ताटातलं दिलं ती आपलं नाव पहाटे पहाटे उसकटत बसते.

घरात येऊन तिने पेटी उघडली आणि सिप्रियानोचा पोंचो काढला. लग्नाच्या वर्षी तिने स्वतः कातून विणलेला. निदान हा तरी तिच्या हातचा होता. काठातून तिने एक दोरा ओढला, चिमटीत धरला, अंगठा पुढे सरकवला.

डावा.

पोंचो तिच्या हातातून गळून पडला. मेलेल्या माणसाच्या वस्त्रालाही हिने सोडलं नाही. पेटीला कुलूप नव्हतं, ती चूक आपलीच. पण अख्ख्या पोंचोतले दोरे कसे बदलले असतील, केव्हा बदलले असतील, हा प्रश्न तिला पडला नाही. संशयाला असले प्रश्न पडत नाहीत.

त्या दिवशी ती टेकडीवर चढली, जिथे फोन लागतो तिथे, आणि रूबेनला फोन केला.

"तुझ्या बायकोला मी दरीत परत पाठवतेय."

"आई, पुन्हा काय झालं?"

"घर उलटवतेय ती आपलं. डावा दोरा."

रूबेन खाणीतल्या यंत्रापासून दूर आला असावा, घरघराट कमी झाला. मग रूबेन म्हणाला, "लुसमिला? ती तर मला म्हणत होती, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कुस्को शहरात नेऊ या."

"माझ्या डोळ्यांवर टपलीय होय? मला काही दिसू नये हेच हवंय तिला."

"डॉक्टरकडे नेल्यावर दिसायला लागतं, आई."

"तू बायकोचा बैल आहेस," असं म्हणून मेलितोनाने फोन बंद केला.

एक ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी धरणीमायचं तोंड उघडं असतं. तळ्याकाठी सगळा गाव गोल बसला, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मध्ये खड्डा खणलेला. सरपंच देमेत्रियो तात्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. शिवलेली घडी त्यांच्यापुढे होती.

नैवेद्य मांडायच्या आधी मन मोकळं करायचं, असा तिथला रिवाज. कुणाच्या मनात कुणाविषयी कडू असेल तर त्याने तेव्हाच बोलायचं, कारण उघड्या तोंडात कडू पडलं तर ते वर्षभर सगळ्यांना पुरतं. एकाने शेजाऱ्याच्या लामाने बार्ली खाल्ल्याचं काढलं, शेजाऱ्याने माफी मागितली, दोघांनी एकाच बाटलीतून घोट घेतला. एका बाईने जावेला उगाच बोल लावल्याचं कबूल केलं.

"आणखी कुणी?" देमेत्रियो तात्यांनी विचारलं.

मेलितोना उठली. शेजारी बसलेल्या लुसमिलाकडे तिने पाहिलंही नाही.

"घडी उघडू नका, तात्या. आत काय आहे त्याचा मला भरवसा नाही. माझी सून माझ्या घरात डावा दोरा सोडतेय. मार्चमध्ये अकरा पिल्लं गेली, मला खोकला सुटत नाही. पहाटे उठून ती माझा दोरा उसकटते आणि डावा करते. मी या डोळ्यांनी पाहिलंय. तिने इथेच सांगावं नाही म्हणून."

सगळ्या माना लुसमिलाकडे वळल्या.  

"पोरी, दोरा उसकटतेस तू?" तात्यांनी विचारलं.

"हो, तात्या."

बायकांत कुजबुज उठली. मेलितोनाने पट्ट्यातून पुडी काढून तात्यांपुढे टाकली. "हे बघा. टोपलीतले, गोंड्यातले, माझ्या अंथरुणातले. आणि हा माझ्या सिप्रियानोच्या पोंचोतला."

तात्यांनी पुडी बायकांकडे दिली. दोरा हा बायकांचा प्रांत. आसुंताने पहिला दोरा उजव्या चिमटीत धरला, अंगठा सरकवला. कपाळाला आठी पडली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग काही न बोलता शेजारणीकडे दिले. शेजारणीने तपासले, तिने पलीकडचीला दिले. दोरे फिरत फिरत परत आसुंताकडे आले.

"मेलि," आसुंता म्हणाली, "हे उजवे आहेत."

"कुठले?"

"सगळेच."

"तुला काय झालंय? नीट बघ."

"आम्ही सात जणींनी नीट बघितलंय. आणि पोंचोचं म्हणशील, तर हा तू कातलास तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते. तुझी मांडी माझ्या मांडीला लागत होती. हा उजवा नसेल तर माझं लग्न झालेलं नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मेलितोनाने सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सायीमागे ते सगळे सारखेच दिसत होते. म्हणजे या सगळ्याच एक झाल्या आहेत. हिने सगळ्यांना फितवलंय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली मेलितोना. ती ताठ उभी राहिली.

"मला फसवताय तुम्ही. माझी बोटं खोटं बोलत नाहीत."

"कुठली बोटं?" आसुंताने हळूच विचारलं.

मेलितोनाने उजवा हात शालीखाली ओढला.

आसुंता उठली, तिच्याजवळ आली, आणि विचारता विचारता तिच्या पट्ट्यात खोचलेली टकळी काढून घेतली. टकळीवर अर्धा गुंडा होता, कालच कळपामागे कातलेला. आसुंताने त्याचं टोक चिमटीत धरलं. अंगठा सरकवला. मग तिने टकळी मागे लपवल्यासारखी केली. पण शेजारणीने हात पुढे केलाच होता.

"डावा," शेजारीण म्हणाली. तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं, तरी तळ्याकाठी सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो माझा आहे."

लुसमिला उभी राहिली होती. तिचे हात घागऱ्याला धरलेले होते. "आईंची टकळी काल मी घेतली होती. त्यावरचा दोरा मी कातलाय. त्यांना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या ते खरं आहे, तात्या. मीच डावं कातते."

देमेत्रियो तात्यांनी हॅट मांडीवरून उचलली आणि पुन्हा ठेवली. त्यांना हे मुळीच आवडलेलं नव्हतं. पण नियम साऱ्यांनाच पाठ होता. "डावा दोरा सोडणाऱ्याने सूर्य माथ्यावर यायच्या आत गाव सोडायचं असतं, पोरी."

"जाते."

मेलितोनाला हवं होतं ते झालं होतं. सून जाणार, नाव राहणार. आता फक्त गप्प बसायचं होतं.

पण टकळी तिची होती. काल सबंध दिवस ती तिच्या हातात होती, रात्री तिच्या उशाखाली. लुसमिलाने तिला बोटही लावलेलं नव्हतं. हे या तळ्याकाठी दोघींनाच माहीत होतं. मग ही खोटं का बोलतेय? दोन महिने मेलितोनाने त्या पोरीच्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं शोधलं होतं, आणि आता समोर धडधडीत खोटं होतं, तर त्यात तिला काळंबेरं सापडेना. तिने मनातल्या मनात टोपली पुन्हा उलटी केली. ठीक लागलेल्या लड्या तिच्या स्वतःच्या. डाव्या लागलेल्या सुनेच्या हातून आलेल्या. आणि तीस वर्षांपूर्वीचा पोंचोही डावा लागलेला.

"दे ती इकडे," ती आसुंताला म्हणाली.

"मेलि, राहू दे."

"दे म्हणते ना."

तिने टकळी उजव्या हातात घेतली. सगळे बघत होते. बोटांनी फिरवायला गेली, आणि टकळी बोटांतून निसटून मातीत पडली. तिने ती उचलली. पुन्हा पडली. मग तिने लोकर उजव्या मनगटाला गुंडाळली, टकळी डाव्या हातात घेतली आणि रोज कळपामागे फिरवत होती तशी फिरवली. टकळी सुरेख गरगरली. एकसारखा, गाठ नसलेला दोरा उतरत गेला. आणि ती कुठल्या बाजूने फिरतेय हे लहान पोरांनाही दिसत होतं.

"गारपिटीपासून हा हात मेलाय," मेलितोना म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही."

आसुंताने तिच्या हातातून टकळी अलगद घेतली. "आणि दोरा बघायचीस कुठल्या चिमटीने?"

"याच. डाव्या."

"डाव्या चिमटीत सगळं उलटं लागतं, बाई. उजवं ते डावं, डावं ते उजवं. आरशात बघितल्यासारखं."

 अंगावरचं पांघरूण कुणी भर थंडीत ओढून घ्यावं तसं मेलितोनाला झालं. पण लाज वाटली ती गावाची नाही. वाडग्यामागे हातांवर फुंकर घालत बसलेली ती पोरगी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"केव्हा कळलं तुला?" तिने सुनेला विचारलं.

"एप्रिलमध्ये. वस्त्रासाठी तुमचे दोरे निवडताना."

"मग बोलली का नाहीस?"

लुसमिलाने नाक पुसलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, डावा पीळ पडला तर मला आणि टकळीला एकाच खड्ड्यात पुरा म्हणून. मी घाबरले. वाटलं, बोटं बरी होईपर्यंत आपण परत कातून ठेवू. रोजचं रोज होत नव्हतं. जेवढं जमलं तेवढं केलं."

"आणि पुटपुटत काय होतीस?"

"तुम्ही शिकवताना म्हणायचात तेच. 'अंगठा पुढे, मनगट सैल, दरीवाले.' तसं म्हटलं नाही तर मला अजून जमत नाही."

या वेळी मात्र आसुंता हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ऊन वर चढलं होतं. देमेत्रियो तात्या खाकरले. गाव सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही. सुरीने त्यांनी घडीचे टाके उसवले, कोकाची तीन पानं बाजूला ठेवली आणि वस्त्र आसुंताकडे दिलं. ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. प्रत्येकीने काठाचा दोरा चिमटीत धरून बघितला. उभे दोरे, आडवे दोरे, सगळे उजवे होते, एकसारखे, बारीक, फुगा नाही, गाठ नाही.

"मेलितोनाचाच हात," शेवटची म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, मघाचं सगळं तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

तात्यांनी वस्त्र खड्ड्याच्या काठावर पसरलं. नैवेद्य मांडण्याआधी ज्या बाईचा दोरा तिचं नाव धरणीमायला सांगायचं असतं. त्यांनी दोन्ही हात उचलले. "माय, हे वस्त्र मेलितोनाच्या..."

"थांबा, तात्या," मेलितोना म्हणाली. "नाव चुकतंय."

तिने सुनेचा दंड धरून तिला पुढे केलं, आणि तात्यांनी लुसमिलाचं नाव घेतलं. मेलितोनाने ते आयुष्यात पहिल्यांदा टोमण्याशिवाय ऐकलं.

परतताना वाटेत वारा सुटला. दोघी कळपामागे चालल्या होत्या. ओढ्यापाशी मेलितोना थांबली. तिने उजवा हात शालीखालून काढला आणि सुनेपुढे धरला. गारपिटीनंतर तिने तो कुणालाच असा दिला नव्हता. लुसमिलाने तो दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली.

"काही कळतंय, आई?"

"नाही," मेलितोना म्हणाली. "पण तू चोळ."